आपली पुळण, आपली मोजणी : लोकसहभागातल्या किनारा-अभ्यासाची प्रस्तावना

कोकणातल्या किनारी गावांत एक प्रश्न वारंवार निघतो. आपली पुळण खरोखर मागे येते आहे का, आणि येत असेल तर वर्षाला किती? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देणारा कागद बहुतेक गावांत सापडत नाही. तहसील कचेरीत सातबारा असतो, भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा असतो, भरती-ओहोटीचे कोष्टक छापील मिळते, उपग्रहाची चित्रे संगणकावर कुणालाही पाहता येतात. मात्र मे महिन्याच्या अखेरीस देवळासमोरची वाळू किती उंच होती आणि भाद्रपदात तिच्यातली किती उरली, हे कुठेच लिहिलेले नसते. ही नोंद गावाने स्वतः ठेवावी, शास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी ठेवावी आणि ती गावाच्याच हातात राहावी, या विचारातून हा अभ्यासविषय उभा राहिला. भूगोलाचा विद्यार्थी असो, किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणारा रापणकर असो, शाळेतल्या बाई असोत की किनाऱ्यालगत नारळ-सुपारीची वाडी राखणारा बागायतदार, या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. गावकऱ्यांना किनाऱ्याच्या अभ्यासात घ्यायचे ते माणसे स्वस्तात मिळतात म्हणून, असा समज संशोधकांमध्येही आढळतो. तो चुकीचा आहे. पुळण ज्या गतीने बदलते त्या गतीने तिला पाहू शकणारा माणूस तिथे राहणाराच असतो. बाहेरचा तज्ज्ञ वर्षातून एकदोनदा येतो. गावातल्या माणसाचा दिवस किनाऱ्यावर सुरू होतो. म्हणून या विषयात मुख्य निरीक्षक गावकरी आहे आणि तज्ज्ञाने त्याला पद्धत, आकडेमोड आणि पडताळणी पुरवायची आहे. हा क्रम उलटला की कामही बिघडते आणि माणसेही दुरावतात.

हे असे का, ते पुळणीच्या वर्षाकडे पाहिले की कळते. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे आले की उंच आणि एकामागोमाग आदळणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू उपसून आत नेतात. ही वाळू फार दूर जात नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे लांबट दांडे तयार होतात आणि लाटा आता त्या दांड्यांवर फुटू लागतात. म्हणजे पुळण स्वतःची वाळू पुढे करून मागचा भाग वाचवते. पावसाळा ओसरला, लाटा मंदावल्या की हीच वाळू हळूहळू किनाऱ्याकडे सरकते आणि फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान पुळण पुन्हा भरते. कळंगुट, कांदोळी, कोलवा या गोव्याच्या किनाऱ्यांवर हे वार्षिक चक्र दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गेल्या शतकातच मोजून दाखवले आहे. या चक्रात एकाच जागी वाळूची उंची एका वर्षात मीटरभर किंवा त्याहूनही जास्त खाली-वर होऊ शकते. आता कुणी ऑगस्टमध्ये येऊन छायाचित्र काढले तर त्याला विध्वंस दिसेल, आणि एप्रिलमध्ये आला तर सारे आलबेल वाटेल. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगतील आणि दोघांचाही निष्कर्ष चुकेल. खरी झीज ओळखायची असेल तर या वर्षीचा मे मागच्या मेशी आणि या वर्षीचा ऑगस्ट मागच्या ऑगस्टशी ताडून पाहावा लागतो, आणि तेही बरीच वर्षे.

उपग्रह हे काम करत नाहीत का? काही अंशी करतात, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. लँडसॅटची चित्रे कित्येक दशकांची आहेत. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील टिपते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने अशाच चित्रांच्या आधारे १९९० पासूनचा देशाचा किनारा तपासला. त्यात मुख्य भूमीचा सुमारे एक-तृतीयांश किनारा झिजताना आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे, गोव्यात सुमारे १९ टक्के. देशाचे किंवा राज्याचे चित्र समजण्यासाठी हा अभ्यास अनमोल आहे. पण आपल्या गावाच्या प्रश्नाला तो दोन ठिकाणी अपुरा पडतो.

पहिली अडचण ढगांची. जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांचे आच्छादन असते आणि साध्या प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहांना खालचे काही दिसत नाही. पुळण सर्वांत वेगाने बदलते ती नेमकी याच महिन्यांत. दुसरी अडचण भरती-ओहोटीची. मुंबईकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरच्याही वर फरक पडतो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास उतरतो. कोकणातल्या कित्येक पुळणी अगदी सपाट आहेत. उतार पन्नासास एक असेल तर पाण्याची पातळी एक मीटरने वाढताच पाण्याची रेघ पन्नास मीटर आत येते. चित्र भरतीचे आहे की ओहोटीचे हे ठाऊक नसेल, तर दोन चित्रांची तुलना करून किनारा पन्नास मीटर खचला असे कुणीही सांगू शकेल. जाणकार संशोधक भरतीची दुरुस्ती करतात, पण त्या दुरुस्तीसाठी पुळणीचा उतार लागतो आणि तो जमिनीवर उतरूनच मोजावा लागतो. म्हणजे उपग्रहाच्या चित्रालाही गावातल्या मोजणीचा आधार हवा असतो.

ही मोजणी कशी करायची, याचे उत्तर १९६१ साली के. ओ. एमरी या अमेरिकी समुद्रवैज्ञानिकाने एका छोट्या लेखात दिले. दोन सारख्या उंचीच्या काठ्या घ्यायच्या, त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि दोन्हींमध्ये ठरावीक लांबीची दोरी बांधायची. एक काठी जमिनीच्या बाजूला, दुसरी समुद्राच्या बाजूला, दोन्ही सरळ उभ्या. जमिनीकडच्या काठीमागे उभे राहून पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे आणि ती रेषा आपल्या काठीला वरून किती खाली छेदते ते वाचायचे. तेवढाच त्या टप्प्यातला उतार. पुढची वाळू चढती असेल तर आपल्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहून पुढच्या काठीवरचा आकडा घ्यायचा. मग दोन्ही काठ्या एकेक टप्पा पुढे न्यायच्या आणि पाण्यात घोट्यापर्यंत उतरेपर्यंत हे चालू ठेवायचे. आकडे कागदावर मांडले की पुळणीचा छेद तयार होतो. पावसाळी धुक्यात क्षितिज दिसेनासे झाले तर गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी लावूनही पातळी घेता येते. या पद्धतीत काही सेंटिमीटरची चूक राहते. पण जिथे हंगामी बदलच मीटरच्या घरात आहे तिथे ती चालून जाते. बांबूच्या काठ्या आणि सुतळी एवढ्यावर मिळणारे आकडे संशोधनपत्रिकेत छापण्याच्या योग्यतेचे असू शकतात, हे नवख्यांना खरे वाटत नाही. पण ते तसेच आहे.

चूक होते ती बहुधा दुसरीकडेच. मोजणी कुठून सुरू करायची ती खूण पक्की हवी. नारळाचे झाड चालत नाही, ते वादळात जाते. कुंपणाचा खांब चालत नाही, तो मालक हलवतो. देवळाचा चौथरा, विहिरीचा कठडा, जांभ्याच्या जुन्या बांधाचा कोपरा अशी पिढ्यान्‌पिढ्या न हलणारी जागा शोधावी लागते आणि ती कोणती हे गावातल्या जुन्या माणसांइतके कुणालाच ठाऊक नसते. तिथून समुद्राकडे कोणत्या दिशेने जायचे तेही लिहून ठेवावे लागते, नाहीतर दर वेळी रेघ थोडी तिरकी होते आणि तुलना निरर्थक ठरते. एका पुळणीवर एकच रेघ पुरत नाही. दोन टोकांना एकेक आणि मध्ये एक अशा निदान तीन तरी हव्यात. याचे कारण पुढे येईल.

वेळेचा प्रश्न आपल्याकडे फार सुंदर रीतीने सुटतो. उधाणाची ओहोटी असेल तेव्हा पुळण सर्वांत जास्त उघडी पडते, म्हणजे छेद लांबपर्यंत घेता येतो. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, दक्षिणेकडे थोडी आधी. त्यामुळे पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आगेमागे मिळते. कामाला जाण्यापूर्वी मोजणी उरकेल अशीच ही वेळ आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो, कारण भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. म्हणून वहीत तारखेबरोबर तिथी लिहावी असा माझा आग्रह आहे. तिथी लिहिली की उधाणाची मोठी भरती होती की भांगाची लहान, हे दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही क्षणात कळते.

अशा मोजणीतून काय हाती लागते याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण सिडनीजवळच्या नॅराबीन-कॉलरॉय पुळणीचे आहे. अँडी शॉर्ट या भूरूपशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये तिथे दरमहा छेद घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीची साधने एमरीच्या काठ्यांचीच होती, पुढे जीपीएस आले, पण रेघा त्याच राहिल्या. कित्येक वर्षांच्या नोंदी जमल्यावर एक गोष्ट उघड झाली, जी एखाददुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला कधीच दिसली नसती. दोन डोंगरी टोकांमध्ये अडकलेली ती पुळण वळते. काही वर्षे एक टोक झिजते आणि दुसरे भरते, मग वारे-लाटांची दिशा बदलली की उलटे होते, आणि या वळण्याचा संबंध प्रशांत महासागरातल्या एल निनो-ला निना या चक्राशी आहे.

कोकणच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. आपल्याही बहुतेक पुळणी दोन खडकाळ नाकांमध्ये अडकलेल्या आहेत. आंजर्ले, मुरुड, गुहागर, गणपतीपुळे, वेळास, नावे घ्यावी तेवढी थोडी. पावसाळ्यात लाटा नैऋत्य-पश्चिमेकडून येतात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडी वायव्येकडूनही येतात. त्यामुळे एकाच पुळणीच्या उत्तरेकडच्या वाडीला समुद्र खवळलेला वाटतो आणि दक्षिणेकडच्या वाडीला त्याच वर्षी वाळू चढलेली दिसते. दोन वाड्यांत वाद होतो आणि दोघीही खऱ्या असतात. फक्त झिजणारे टोक मोजले, जे साहजिकपणे आधी घडते, तर साऱ्या गावाची पुळण नाहीशी होत असल्याचा निष्कर्ष निघेल. तीन रेघांचा आग्रह यासाठी आहे. वाळू गेली की सरकली, हा फरक कळणे हे या विषयातले पहिले खरे ज्ञान.

त्याच सिडनीतून २०१७ मध्ये आणखी एक साधी कल्पना पुढे आली. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या मिचेल हार्ली आणि सहकाऱ्यांनी मॅन्ली आणि उत्तर नॅराबीन इथे मोबाइल टेकवण्यासाठी पोलादी बैठक बसवली. येणारा-जाणारा कुणीही त्यात आपला फोन ठेवून छायाचित्र काढतो आणि पाठवून देतो. जागा आणि दिशा ठरलेली असल्याने चित्रातल्या स्थिर खुणांच्या आधारे किनाऱ्याची रेघ नकाशावर उतरवता येते. कोस्टस्नॅप नावाची ही योजना आता अनेक देशांत पोहोचली आहे. त्याआधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर युनेस्कोच्या आधाराने सँडवॉच सुरू झाले. त्यात शाळकरी मुले पुळणीची रुंदी, लाटा, प्रवाह, कचरा, वाळूचे कण अशा साऱ्यांची नोंद घेतात, तिचा अर्थ लावतात, इतरांना सांगतात आणि त्यावरून एखादी कृती करतात. हे शेवटचे पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. मोजून झाल्यावर काही करता येते हे कळले की मुले वही सोडत नाहीत.

शाळांविषयी आपल्याकडची एक अडचण मात्र लक्षात ठेवली पाहिजे. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि पावसाळ्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची मोजणी मेच्या शेवटीच घ्यायची असते. म्हणून काम एकट्या शाळेवर सोपवून भागत नाही. सुदैवाने कोकणात दुसरी माणसे आधीच तयार आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे ते किनाऱ्यावरच्या इतर गावांत पसरले. कासवमित्र हंगामात पहाटे पुळण चालून जातात, मादीच्या पावलांचा माग काढतात, घरटे शोधतात, अंडी सुरक्षित जागी हलवतात. वाळूचा उतार कुठे तुटला, उधाणाचे पाणी कुठवर चढले, मर्यादवेल कुठून उखडली, हे त्यांना रोज दिसते. ते लिहून ठेवण्याची सवय लागली की वेगळे मनुष्यबळ शोधावे लागत नाही. मालवणकडे रापण ओढणाऱ्यांचेही तसेच आहे. रापणीला रुंद, मोकळी पुळण लागते. ती अरुंद झाली की पहिला फटका त्यांच्या धंद्याला बसतो, म्हणून बदल आधी त्यांच्याच लक्षात येतो. खडकांवरची कालवे काढणाऱ्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना ओहोटीच्या पट्ट्याची जी माहिती असते ती पुरुषांच्या बैठकीत क्वचितच येते. तिला वहीत जागा मिळाली नाही तर अर्धी पुळण नोंदीबाहेर राहील.

आता आठवणींविषयी. मोजणी आज सुरू केली तरी मागची पन्नास वर्षे काठीने मोजता येणार नाहीत. तिथे जुन्या माणसांचेच ऐकावे लागते आणि ते शिस्तीने ऐकायचे एक तंत्र आहे. "पूर्वी पुळण किती होती?" असे विचारले की "खूप होती" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी साऱ्या गावाला आठवणारी घटना धरून विचारावे. फयान चक्रीवादळ आले तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर २००९ मध्ये, होड्या कुठे ओढून ठेवल्या होत्या? २६ जुलै २००५ च्या पावसानंतर खाडीचे तोंड कुठे होते? सुरूच्या किती रांगा होत्या आणि त्यातली कोणती आधी गेली? मग त्या माणसाबरोबर पुळणीवर जाऊन जागा दाखवायला सांगावे आणि ती नकाशावर घ्यावी. दोन-तीन जणांकडून स्वतंत्रपणे विचारलेली जागा जुळली तर तो भक्कम पुरावा होतो. आठवणीला एक मर्यादा आहे. वादळाने एका रात्रीत नेलेली वाळू माणसाला ठळक आठवते, पुढच्या सहा महिन्यांत कणाकणाने परतलेली वाळू आठवत नाही. त्यामुळे आठवण कुठे पाहायचे ते सांगते आणि किती ते काठी सांगते. दोन्हींपैकी एकावर विसंबणारा अभ्यास मला अपुरा वाटतो.

काठीने घेतलेली नोंद आधीपासून हवी, हे निसर्ग चक्रीवादळाने फार कठोरपणे दाखवून दिले. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागातल्या वाड्या आणि सुरूची बने आडवी झाली. झाडे आणि घरे मोजता आली, पंचनामे झाले. पण पुळणीचे किती नुकसान झाले? वादळ आले आणि लगेच पाठोपाठ मोसमी पावसाच्या लाटा सुरू झाल्या. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर कमी झालेल्या वाळूत वादळाचा वाटा किती आणि नेहमीच्या पावसाळ्याचा किती, हे वेगळे करायला वादळाआधीची नोंद लागते. मेच्या अखेरचा एक छेद ज्या गावाकडे असेल तेच गाव हा हिशेब मांडू शकेल. बाकीच्यांना फक्त दुःख सांगता येते, आणि नुकसानीच्या अर्जावर दुःखाला रकाना नसतो.

कारणांबाबत मात्र नवख्या अभ्यासकाने सावध राहावे. झीज दिसली की हवामानबदलाकडे बोट दाखवणे सोपे झाले आहे. मुंबईत १८७८ पासूनच्या समुद्रपातळीच्या नोंदी आहेत आणि त्यांतली शतकभराची वाढ वर्षाला एक मिलिमीटरहून कमी भरते. १९९३ नंतर उपग्रहांनी मोजलेली जगाची सरासरी वाढ वर्षाला तीन मिलिमीटरच्या वर आहे. ही वाढ गंभीर आहे आणि पुढच्या पिढ्यांना ती भोवणार आहे. परंतु जिथे एका पावसाळ्यात वाळू मीटरभर उतरते तिथे पाच वर्षांच्या छेदांतून हे मिलिमीटर ओळखता येत नाहीत. गावकऱ्यांना तुम्ही हवामानबदल मोजता आहात असे सांगून कामाला लावणे हे खोटे आश्वासन आहे. ते मोजतात तो आपल्या पुळणीतल्या वाळूचा जमाखर्च, आणि त्या खर्चाची कारणे बहुधा जवळपासच असतात. वरच्या अंगाला धरणात अडलेला गाळ, खाडीतून उपसलेली वाळू, सपाट केलेल्या वाळूच्या टेकड्या, चुकीच्या जागी घातलेला बांध. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी समुद्रात भिंती टाकल्या. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा एकूण प्रवास उत्तरेकडे होतो, तो अडला, बंदराच्या दक्षिणेला वाळू साठली आणि उत्तरेचा शहरासमोरचा किनारा उघडा पडला. तिथे कारण सरळ होते. मालवणजवळच्या देवबागात ते तसे नाही. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या त्या गावाला दोन्हीकडून पाणी आहे, खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे सतत जागा बदलतात आणि एका ठिकाणी काही केले की त्याचा परिणाम दुसरीकडे उमटतो. अशा जागी वर्षानुवर्षांच्या नोंदीशिवाय ठाम बोलणाऱ्यावर, मग तो कितीही मोठा तज्ज्ञ असो, विश्वास ठेवू नये.

यातूनच सत्तेचा प्रश्न येतो आणि तो टाळून हा विषय शिकवता येणार नाही. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त बसवून घेतले जाते, मधल्या पायऱ्यांवर त्यांचे ऐकले जाते, वरच्या पायऱ्यांवर निर्णय त्यांच्या हातात असतो. किनाऱ्यावरचे बरेचसे लोकसहभागाचे प्रकल्प मधल्याच पायरीवर अडकतात. गावाने आकडे द्यायचे, ते कुठल्यातरी सर्व्हरवर जायचे, अहवाल इंग्रजीत निघायचा आणि गावाला त्याची प्रतही मिळायची नाही. अशी वही एका पावसाळ्यानंतर बंद पडते आणि ती बंद पडणेच योग्य आहे. छेदाचा आलेख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने काढलेला हवा, दर मोजणीनंतर त्यात नवी रेघ पडायला हवी आणि मूळ वही गावातच राहायला हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीच्या कल्पनेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. पुळणीची नोंद त्याच वहीला जोडली तर तिला कायद्याने ओळखलेले घर मिळेल.

कारण निर्णय तर होतच राहणार. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ ची. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटरवर आणला गेला, विरळ वस्तीच्या भागात तो २०० मीटर राहिला. ज्या रेषेपासून हे मोजायचे ती भरतीरेषाच सरकत असेल तर ५० मीटरचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न जनसुनावणीत विचारण्याचा अधिकार गावाला आहे. हातात दहा वर्षांचे छेद असतील तर तो प्रश्न टाळता येणार नाही. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचेही असेच. दगडी भिंत मागची जमीन काही काळ राखते, पण लाट तिच्यावर आपटून परतते, समोरची वाळू खाली जाते आणि भिंत संपते तिथल्या शेजाऱ्याची वाडी अधिक वेगाने कापली जाते. रत्नागिरीच्या मिऱ्यासारख्या ठिकाणी बंधारा ही लोकांची निकडीची मागणी आहे आणि घरात पाणी शिरणाऱ्याला वाट पाहा म्हणणे मला जमणार नाही. पण बंधारा बांधण्याआधी आणि नंतर, त्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे मोजणी व्हावी, हा हट्ट गावाने धरावा. आज तो क्वचितच धरला जातो.

विरोधही होईल. झीज कागदावर आली की जागेची किंमत पडेल, पर्यटक फिरकणार नाहीत, अशी धास्ती घरगुती निवास चालवणाऱ्यांना वाटते आणि ती पूर्णपणे अवाजवी नाही. म्हणून पहिल्या दिवशीच ग्रामसभेत ठरवून घ्यावे की काय मोजायचे, कुणाला दाखवायचे, कशाला नकार द्यायचा. कासवांच्या घरट्यांच्या जागा जाहीर करू नयेत. कुणा एकाच्या वाडीसमोरचा आकडा त्याच्या नावानिशी छापू नये. पण एकूण पुळणीचा आलेख दडवून ठेवू नये, कारण लपवलेली झीज थांबत नाही आणि उशिरा कळलेली जास्त महागात पडते.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी दोन वर्षांची आकडेवारी गोळा करून निघून जाऊ नये, एवढी माझी विनंती आहे. जाताना मोजणी चालू ठेवणारी दोन माणसे मागे ठेवता आली तर प्रबंधापेक्षा ते मोठे काम ठरेल.

शेवटची विनंती मुंबई-पुण्याला राहणाऱ्या किनाऱ्यावरच्या लेकरांना, चाकरमान्यांना. तुम्ही मेच्या सुट्टीत गावी जाता तेव्हा पुळण वर्षातली सर्वांत भरलेली असते. गणपतीला जाता तेव्हा ती वर्षातली सर्वांत रोडावलेली किंवा नुकती भरू लागलेली असते. वर्षाच्या दोन्ही टोकांना किनाऱ्यावर हजर असणारे तुमच्याइतके दुसरे कुणी नाही. येत्या मेमध्ये अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सकाळी ओहोटीला दोन काठ्या आणि एक वही घेऊन देवळाच्या चौथऱ्यापासून पाण्यापर्यंत पहिला छेद घ्या, तारीख आणि तिथी लिहा, आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.